तिसऱ्या पायरीची खूण

अहो, तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडव भरून गेला होता. एकेक जण उठून बोलला. कर्तव्यदक्ष काय, अजातशत्रू काय, मितभाषी काय! मितभाषी ऐकून मला रडता रडता हसू आलं. ओढ्याचा विषय निघाला की दोन तास तोंड न मिटणारा माणूस तो हाच का, असं उठून विचारावंसं वाटलं. पण ओढ्याचं नाव एकानंही काढलं नाही. ज्या एका गोष्टीपायी तुम्ही गावभर वेडे ठरलात, तीच नेमकी सगळ्यांनी गिळली. मीही गिळली. माझं गिळायचं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते मी तुम्हाला चाळीस वर्षांच्या संसारात सांगितलं नाही.

उद्या सकाळी मोजणीवाले यायचे आहेत. पूररेषा नव्यानं आखताहेत म्हणे. गल्लीत आठ दिवस दुसरा विषय नाही. रेषेच्या आत आलेल्या घराला ना वर मजला चढवायची परवानगी, ना कर्ज, ना गिऱ्हाईक. नांदेडहून मिलिंदचा फोन आला होता. "आई, तू जास्त बोलत बसू नको. पाणी पायरीपर्यंत येतं, एवढंच सांग. घर विकलं की तुला इकडं घेऊन येतो." पायरीपर्यंत! हा शब्द त्याला कुणी शिकवला नव्हता, तरी बघा, बरोबर तोच आला पोराच्या तोंडी. म्हणून म्हटलं, उद्याच्या आत तुमच्याशी एकदाचं बोलून घ्यावं. आता तुम्ही मधेच "अगं ऐक तर आधी" म्हणणार नाही, हे एक बरं आहे. बरं कसलं डोंबलाचं!

तुम्ही पहिल्यांदा दारात आलात ते वर्ष आठवतं? नवा जिल्हा झाला होता. कामाकाजाला उस्मानाबादेला हेलपाटे घालणारं आपलं गाव लातूर जिल्ह्यात आलं म्हणून चौकात पेढे वाटले, फटाके उडाले. पेढा खाऊन वर प्यायला पाणी मात्र नव्हतं. विहिरी खरवडून झाल्या होत्या. गडीमाणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, बाया घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. आणि अशा उन्हाळ्यात बिलोलीकडचा एक तरणा ओव्हरसियर डोक्याला रुमाल गुंडाळून ओढ्याच्या कोरड्या रेतीत तिपाईवर दुर्बीण मांडून उभा! दारोदार जाऊन विचारतोय काय, तर पुराचं पाणी कुठवर आलं होतं. आई म्हणाली, "आगं बया, ऊन लागलंय का काय ह्येला?"

तुमची रीत वेगळी होती. गड्यांना विचारायचात, ऐकून घ्यायचात, पण वहीत लिहायचा नाहीत. गडी सांगायचे, ओढ्याच्या बाहेर पाणी आलंच न्हाई कधी. त्यांना काठावरचे प्लॉट विकायचे होते ना. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या येणार, कचेऱ्या आल्या की भाव चढणार. तुम्ही बाजूला येऊन दारातल्या बायकांना विचारायचात. मला पुढं सांगितलंत तुम्ही त्याचं कारण. "बायकांना ठावं असतं. उतरंडीतलं कितवं मडकं वाहून गेलं, ते बाई मरेपर्यंत इसरत न्हाई." बाई सांगेल त्या जागी गेरूचं बोट ओढायचं, त्यावर पट्टी धरायची, आणि दुर्बिणीतून आकडा घ्यायचा. नवा पूल किती रुंद बांधायचा ते त्या गेरूवरून ठरणार होतं.

आमच्या दाराशी तेव्हा तीन पायऱ्या होत्या, खालून वर चढायच्या. मी वीस वर्षांची, शिक्षिकेचा कोर्स पुरा करून नोकरीची वाट बघत बसलेली. तुम्ही आईला सोडून मला विचारलंत, "बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. नीट आठवून सांगा. सगळ्यात मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर होतं?"

मला आठवायची गरज नव्हती. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट, मी सात वर्षांची होते. एका दुपारी आभाळ फाटलं. बापानं मला खांद्यावर घेऊन शिडीनं धाब्याच्या छतावर चढवलं आणि तिथून आम्ही आमच्या दोन शेळ्या ओढ्यानं जाताना बघितल्या. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर भिंतीवर गाळाची रेघ. आत, ओसरीच्या भिंतीत, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला एक कोनाडा, त्यात बुद्धाची मूर्ती. रेघ बरोबर मूर्तीच्या बैठकीपाशी थांबलेली. आईनं पांढऱ्या मातीनं ती सारवून टाकली, पण तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पाणी तथागताच्या पायाला लागलं आणि माघारी फिरलं.

आणि त्या दिवशी तीच आई माझ्या मागं उभी राहून पाठीत चिमटा काढत होती. कारण त्याच वर्षी बापाच्या नावावर जागेचा कागद झाला होता. आमच्या साऱ्या खानदानात जमिनीच्या कागदावर चढलेलं पहिलं नाव! आणि वस्तीत बातमी अशी होती, की ज्याच्या घरात पाणी शिरलेलं निघेल ते घर ओढ्यात धरणार आणि माणसं उचलून माळावर टाकणार. बाप खाटेवर बसून नुसता बघत होता. मी हात लांब केला आणि तिसरी पायरी दाखवली.

"नक्की का?" तुम्ही विचारलंत.

"नक्की म्हणजे? खोटं बोलाया मला काय कुणी पैसे दिलेत?" मी फणकारले. कसल्या ठसक्यात बोलले होते मी, बाई बाई! तुम्ही ओशाळलात. पायरीवर गेरूचं बोट ओढलंत आणि वहीत लिहिलंत, पाणी घरात शिरलेलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, मला काय सांगायचं. तरी सांगते. नगरपालिकेच्या बैठकीत तुम्ही पुलासोबत सगळा ओढाच रुंद करायचं एस्टिमेट घेऊन गेलात. तुमचं म्हणणं सरळ होतं. दुष्काळी कामावर माणसं खडी फोडून राहिलीत, कुणाला नको असलेल्या खडीचे ढीग लागलेत, तेच हात ओढ्याला लावा. मजुरी कशीही द्यायचीच आहे. काठाची जागा आज उकिरड्याच्या भावानं मिळते, घेऊन मोकळी ठेवा; उद्या तिथं दुकानं झाली की एक हात जागाही परवडणार नाही. एवढं बोलून झाल्यावर एक मेंबर उठला आणि म्हणाला, "ओव्हरसियर साहेब, आधी पाणी दावा, मंग आपुन पूल बांधू." सभागृह पाच मिनिटं हसत होतं. मग अध्यक्षांनी तुमचीच वही पुढं ओढली. म्हणाले, "तुम्हीच लिवलंय न्हवं, पानी घरात शिरत न्हाई म्हणून? मंग कशापायी एवढा खर्च?" दोन गाळ्यांचा पूल मागितला होतात, सिमेंटच्या तीन नळ्या मिळाल्या. उरलेल्या पैशातून टँकर लावले. आणि खोटं कशाला बोलू, त्या टँकरच्या रांगेत पहिली घागर माझी होती.

लग्न ठरलं तेव्हा तुमच्या बहिणी मला बघायला आल्या. तुम्ही म्हणालात, मी बघितलेली हाय, पण उलटी. त्या बिचाऱ्या घाबरल्याच. त्या जुन्या दुर्बिणीतून समोरचं सगळं उलटं दिसायचं. पायरीवर उभी असलेली मी तुम्हाला खाली डोकं वर पाय अशी दिसले होते. जन्मभर चिडवलंत मला त्यावरून. भांडण झालं की म्हणायचात, "हिला सुलटी करायचं राहूनच गेलं." मी हसायचे, आणि प्रत्येक वेळी घाईनं विषय बदलायचे. दुर्बिणीत उलटं दिसलं तरी आकडा खरा निघतो, असं तुम्हीच सांगायचात. तुमचा आकडा खराच होता हो. उलटं माझं होतं.

बापाला मुलगा नाही म्हणून तुम्ही याच घरात राहायला आलात. घरजावई म्हणून लोकांनी टोमणे मारले, तुम्ही कानाआड केलेत. लग्नानंतरच्या वर्षी घरात वीज घेतली. तेव्हा ते बटणांचं खूळ! वायरमन सांगून थकला, साहेब, खांद्याच्या उंचीला बोर्ड असतो. तुम्ही ऐकायला तयार नाही. घरातलं एकूण एक बटण आणि प्लग डोक्याच्या वर. माझा हात टाचा उचलल्याशिवाय पोचायचा नाही. धान्याची फळी तशीच उंच, कागदपत्रांची पेटी तशीच उंच. विचारलं की म्हणायचात, "लेकरं हात लावतील." तेव्हा लेकरू नव्हतंच घरात. मिलिंद मोठा होऊन कॉलेजात गेला तरी बटणं खाली आली नाहीत. पाहुणे आले की आधी मोबाईलला प्लग शोधायचे आणि मग स्टूल.

दुसरं खूळ अर्जाचं. दर उन्हाळ्यात तुम्ही एक अर्ज द्यायचात, ओढ्याची फेरमोजणी करावी. अध्यक्ष बदलले, मुख्याधिकारी बदलले, तुमचा अर्ज काही बदलला नाही. प्रत्येक जण एकच विचारायचा, कशावरून म्हणता आधीची मोजणी चुकली? आणि तुम्ही, एवढे बोलणारे तुम्ही, गप्प बसायचात. कारण सांगत नाही म्हटल्यावर अर्ज टोपलीत जायचा. बढतीही त्यातच गेली. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, कारण नसेल तर कशाला गावभर हसं करून घेताय?" तुम्ही तांब्या उचललात, घटाघटा पाणी प्यालात आणि म्हणालात, "जाऊ दे." तुमच्या तोंडून 'जाऊ दे' हे शब्द दुसऱ्या कशाला म्हणून निघाले नाहीत.

तोवर ओढ्याचं गटार झालं होतं. दोन्ही काठांनी दुकानं पुढं पुढं सरकली. गल्लीतला रस्ता दर निवडणुकीला व्हायचा, जुन्या डांबरावर नवं डांबर. बघता बघता आपल्या तिन्ही पायऱ्या रस्त्यानं खाऊन टाकल्या. तुमचं गेरूचं बोट डांबराखाली गेलं. आता रस्त्यावरून घरात यायचं तर दोन पायऱ्या उतरून यावं लागतं. ज्याच्याकडं चार पैसे होते त्यानं जोतं वाढवून घेतलं. वरच्या अंगाच्या पोतदारांनी वाढवलं, त्यांचं पाणी आपल्याकडं आलं. मी हट्ट धरला, आपणही वाढवू. यावरून आपण किती वर्षं भांडलो! तुम्ही म्हणायचात, "आपुन वर गेलो की आपलं पाणी शेवंताच्या घरात. ती कुणाच्या घरात धाडल?" खालच्या अंगाची शेवंता, धुणीभांडी करून चार लेकरं वाढवलेली. मी म्हणायचे, सगळ्या गावाचा मक्ता आपणच घेतलाय का? तुम्ही म्हणायचात, "हाव. पूल एकट्याला बांधता येत न्हाई. म्हणून समदे जोतं बांधून राहिले. समद्या जोत्यांचा पैसा एका जागी केला असता तर दोन पूल झाले असते." यावर मी भांडी आपटायचे.

दर दोन-चार पावसाळ्यांनी पाणी घुसायचं. मग पंचनामा, मग रांग, मग थोडीफार मदत, मग त्याच ओल्या भिंतीला तोच चुना. मधल्या वर्षात पुन्हा दुष्काळ, पुन्हा टँकर, आणि ओढ्याचं नाव घेणारा पुन्हा वेडा. आपण या चक्रातच म्हातारे झालो. घर विकावं तर घेणारा ओल बघून मागं फिरतो. ठेवावं तर दर पावसाला जीव मुठीत.

आणि गेल्या पावसाळ्यातली ती संध्याकाळ. तासाभरात तीन नळ्या तुंबल्या, घरात मांडीएवढं पाणी. तुम्हाला म्हटलं, वयाकडं बघा, बाहेर पडू नका. तुम्ही ऐकलं नाही. शेवंताच्या घरात छातीएवढं होतं. तिच्या आंधळ्या सासूला पाठीवर घेऊन आणलंत आणि आपल्या धाब्याच्या जिन्यावर बसवलंत. त्या दिवसापासून जो खोकला धरला तो गेलाच नाही. दवाखान्यातल्या खाटेवर पडून तुम्ही बोटांनी हवेत गुणाकार करत होता. मला म्हणालात, "माझं गणित कुठं चुकलं नसंल ना गं?" मी म्हटलं, नाही हो, तुमचं काही चुकलं नाही. एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य तोंडात होतं. नर्स आली सुई घेऊन, आणि मला बरंच वाटलं ती आली म्हणून. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला मास्क लावला होता, तुम्ही ओळखही दिली नाही. माझा राग येतो मला. इतका येतो, की तुमच्या फोटोपुढं मेणबत्ती लावताना मान वर होत नाही.

काल इथवर लिहून ठेवलं. आज सकाळी ते आले.

मोजणीला एक पोरगी होती, इंजिनीअर, माहूरकडची. तिपाई तीच, दुर्बीण मात्र नवी. मी विचारलं, माणसं उलटी दिसतात का गं यातून? ती हसली. म्हणाली, "न्हाई आजी, आता सुलटी दिसतात." गल्ली झाडून सगळी दारात. पोतदारांचा मुलगा पुढं होऊन सांगत होता, मागच्या साली नळ्या तुंबल्या म्हणून तेवढं झालं, एरवी पाणी पायरीपर्यंत. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणती पायरी, ते कुणालाच ठाऊक नाही. पोरगीनं लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळली. "आजी, तुम्ही जुन्या. तुम्ही सांगा, तुमच्या आठवणीतलं सगळ्यात मोठं पाणी कुठवर?"

अहो, खरं सांगावं तर घर गेलं, मिलिंदचा व्यवहार गेला, गल्लीचे शिव्याशाप जन्माचे. खोटं सांगावं तर पुन्हा तीन नळ्या, आणि शेवंता पुन्हा पाण्यात. दोन्हीकडून कोंडलेली. पाठीत चिमटा काढायला आई नव्हती. खाटेवर बाप नव्हता. तरी हात पायरीकडंच वळत होता, सवयीनं. तेवढ्यात शेवंता दिसली, गर्दीच्या मागं, कडेवर नातू. मी पोरीचा हात धरला, दोन पायऱ्या उतरवून ओसरीत नेली आणि कोनाडा दाखवला. "हितवर. मूर्तीच्या बैठकीपर्यंत. मी सात वर्षांची होते, धाब्यावरून बघितलंय. मागच्या मोजणीत मी खोटं सांगितलं."

बाहेर एकदम गलका झाला. पोतदारांचा मुलगा ओरडला, "म्हातारीचं डोस्कं फिरलंय! साहेबापाठोपाठ हीबी!" मी म्हटलं, फिरलंय तर फिरलंय. पोरगी मात्र शहाणी निघाली. कोनाड्याच्या बुडाशी निळ्या रंगाचं बोट ओढलं, पट्टी धरली, आकडा घेतला. मग ती पट्टी तशीच धरून भिंतीकडं बघत राहिली. पट्टी उचलून बोर्डापाशी नेली. आतल्या खोलीत गेली, तिथल्या बोर्डापाशी धरली. स्वयंपाकघरात गेली. धान्याच्या फळीला लावून बघितली. परत आली आणि म्हणाली, "आजी, तुमच्या घरातली एकूण एक बटणं या खुणेच्या बरोबर एक वीत वर हायेत. फळीसुदिक. कुणी लावली ही?"

मला एकदम आठवलं. वीज घ्यायच्या वर्षी वायरच्या पट्टीसाठी भिंत तुम्ही स्वतः खरवडली होती. कोनाड्यापाशी पांढऱ्या मातीचे पोपडे निघाले होते, खालची गाळाची रेघ उघडी पडली असणार, आणि तुम्ही हातात खरवडणी धरून बराच वेळ तिथं उभे होता. मी चहा घेऊन आले तर म्हणालात, "ठेव तिथं." मागं वळून माझ्याकडं बघितलं नाहीत. संध्याकाळपर्यंत तुम्ही ती भिंत पुन्हा पांढऱ्या मातीनं सारवून टाकली होती.

म्हणजे पहिल्याच वर्षी. त्यानंतरचे ते सगळे अर्ज. कशावरून चुकली मोजणी, असं गावानं विचारायचं आणि तुम्ही गप्प बसायचं. माझं नाव घ्यावं लागलं असतं म्हणून. अहो, एकदा तरी रागवायचं होतं. एकदा तरी अंगावर ओरडायचं होतं, मी रडून मोकळी झाले असते. आणि दवाखान्यात विचारलंत ते गणिताचं. ते तुम्ही मला बोलायला जागा करून देत होता ना? आणि मी नर्सकडं बघत बसले.

पोरगी उत्तराची वाट बघत उभी होती. वहीवर पेन टेकवून तिनं पुन्हा विचारलं, कुणी लावली बटणं?

"ज्यांना मी खोटं सांगितलं होतं," मी म्हटलं, "त्यांनी."